भाषा आधी कोणाच्या घरी?

विस्मरणात जाणारी भाषा यंत्राच्या साहाय्याने वाचविता येते, ही समजूत अलीकडे फार बळावली आहे. वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, शब्दकोश संगणकावर चढवावा, शिकणाऱ्याच्या हाती त्याची किल्ली द्यावी, म्हणजे भाषा सुरक्षित झाली, असा हा हिशेब आहे. या हिशेबात तथ्य नाही असे नाही. परंतु भाषा ही पेटीत जपून ठेवण्याची वस्तू नव्हे. ती कोणाच्या तरी तोंडी असावी लागते, आणि ती कोणाच्या तोंडी असावी हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न कोणतेही यंत्र सोडवीत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कादंबरीकार आणि पर्थच्या कर्टिन विद्यापीठात लेखनविद्येचे प्राध्यापक म्हणून काम केलेले किम स्कॉट यांनी आपल्या नूंगार भाषेसाठी जे कार्य केले, त्याचे मोल या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तरात आहे.

नूंगार ही ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील आदिवासींची भाषा. पर्थ हे महानगर त्यांच्याच भूमीवर उभे आहे. १७८८ साली इंग्रजांची पहिली वसाहत झाली तेव्हा या खंडात अडीचशेहून अधिक भाषा नांदत होत्या. २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत त्यांपैकी १२३ भाषा कमीअधिक वापरात असल्याचे आढळले. मात्र मुलांपर्यंत सहजपणे पोहोचणाऱ्या, सुदृढ म्हणता येतील अशा भाषा अवघ्या १२ उरल्या होत्या. नूंगार त्या बारांत नाही. हजारो नूंगार कुटुंबे आजही आपल्या प्रदेशात राहतात. पण घरात ही भाषा बोलणाऱ्यांची जनगणनेतील नोंद काही शेकड्यांचीच आहे. ही घट आपोआप झालेली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९०५ च्या कायद्याने आदिवासी मुलांचे पालकत्व सरकारी अधिकाऱ्याकडे गेले, मुले आईबापांपासून तोडून वसाहतींत आणि संस्थांत ठेवली गेली. भाषा ज्या धाग्याने आजीकडून नातवाकडे जाते, तो धागाच कायद्याने कापला गेला. या धोरणाबद्दल ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली ती २००८ साली.

स्कॉट यांचा जन्म १९५७ चा. ही भाषा त्यांना बालपणी मिळाली नाही. प्रौढपणी ती त्यांनी ज्येष्ठांकडून मिळविली. 'बेनांग' या १९९९ च्या कादंबरीत त्यांनी आदिवासींचे 'रक्त' पिढ्यापिढ्यांनी पुसून टाकू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचीच कागदोपत्रीची भाषा त्यांच्यावर उलटविली. या कादंबरीला २००० साली माइल्स फ्रँकलिन पारितोषिक विभागून मिळाले. ते मिळविणारे स्कॉट हे पहिले आदिवासी लेखक होत. पुढे हेझल ब्राउन या ज्येष्ठ नूंगार स्त्रीसमवेत त्यांनी 'कायांग अँड मी' (२००५) हे पुस्तक लिहिले. इंग्रजीत कीर्ती मिळालेला लेखक आपल्या कुळातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या पायाशी बसून शिकतो, हा त्या पुस्तकाचा आशय असला, तरी त्यांच्या पुढील भाषाकार्याची पद्धतही त्यातच दिसते.

या कार्याला कारण झाली एका परक्या अभ्यासकाची टिपणे. गेरहार्ट लावेस हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ १९२९ साली ऑस्ट्रेलियात आला. १९३१ च्या सुमारास दक्षिण किनाऱ्यावरील अल्बनी येथे त्याने नूंगार माणसांना बसवून त्यांच्या कथा ध्वनिलिपीत जशाच्या तशा उतरवून घेतल्या. मायदेशी परतल्यावर त्याने भाषाशास्त्रच सोडले. टिपणे अप्रकाशित राहिली आणि अर्धशतकानंतर, १९८० नंतरच्या दशकात, कॅनबेरा येथील आदिवासी-अभ्यास संस्थेकडे पोहोचली. एव्हाना ज्यांनी कथा सांगितल्या होत्या ते हयात नव्हते. त्यांच्या नातवंडांपैकी बहुतेकांना ती भाषा अस्खलित येत नव्हती, आणि ज्यांना येत होती त्यांना ती ध्वनिलिपी वाचता येत नव्हती. संपत्ती एकाची, कुलूप दुसऱ्याचे आणि किल्ली तिसऱ्याच्या खिशात, असा हा प्रकार होता.

येथे एक सोपा मार्ग उपलब्ध होता. विद्यापीठातील एखाद्या पंडिताने ती टिपणे संपादित करावीत, इंग्रजी भाषांतरासह छापावीत, आणि ज्ञानाची सेवा झाली असे मानावे. साऱ्या जगात हे असेच होत आले आहे. स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'विर्लोमिन नूंगार भाषा व कथा प्रकल्पा'त तसे केले नाही. कथा सांगणाऱ्यांच्या वंशजांना प्रथम एकत्र बोलावण्यात आले आणि टिपणांच्या प्रती त्यांच्या हाती देण्यात आल्या. ध्वनिलिपीतील मजकूर मोठ्याने वाचला जाई. ज्येष्ठांचे कान तो पारखून घेत, उच्चार सुधारीत, आपल्या स्मरणातील कथांशी तो ताडून पाहत. मग कुटुंबांतील चित्रकारांनी चित्रे काढली. पुस्तके आधी घरांत पोहोचली, नंतर त्याच माणसांनी ती आपल्या भागातील शाळांत नेऊन वाचून दाखविली, आणि एवढे झाल्यावर २०११ साली 'मामांग' व आणखी एक कथा बाजारात आली. 'मामांग' म्हणजे देवमासा. देवमाशाच्या पोटात शिरून समुद्र पार करणाऱ्या तरुणाची ही कथा फ्रेडी विन्मर यांनी लावेसला सांगितली होती. ऐंशी वर्षांनी ती त्यांच्या माणसांच्या आवाजात परत आली.

हा क्रम म्हणजे निव्वळ शिष्टाचार, असे कोणास वाटेल. त्याची गरज काय, हे डेव्हिड युनायपन यांची हकिकत सांगते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील या आदिवासी लेखकाने १९२० च्या दशकात कष्टाने कथा गोळा करून लिहून काढल्या. १९३० साली त्या लंडनमध्ये विल्यम रॅमसे स्मिथ या डॉक्टरच्या नावे प्रसिद्ध झाल्या आणि मूळ लेखकाचा त्यात उल्लेखही नव्हता. स्टीफन म्यूके आणि ॲडम शूमेकर या अभ्यासकांनी हस्तलिखितांच्या आधारे ते पुस्तक युनायपन यांच्याच नावाने प्रसिद्ध केले ते २००१ साली. त्यापूर्वीच, १९९५ पासून, युनायपन यांचे चित्र ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर झळकत होते. राष्ट्राने त्यांना नोटेवर जागा दिली, आणि त्यांच्या पुस्तकावर त्यांचे नाव येण्यास मात्र आणखी सहा वर्षे लागली.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथे दुर्मिळ साधन कोणते, हे आधी ओळखले पाहिजे. ध्वनिमुद्रणाची प्रत काढण्याचा खर्च आज जवळजवळ शून्यावर आला आहे. शब्दकोश लाख लोकांनी उघडला तरी तो झिजत नाही. दुर्मिळ आहेत ते भाषा जाणणाऱ्या वृद्धांचे तास, आणि त्याहून दुर्मिळ आहे तो एका शतकाच्या अनुभवाने आटलेला त्यांचा विश्वास. ज्या तंत्रामुळे या तासांचा उपयोग वाढतो, म्हणजे आजीने एकदा सांगितलेला उच्चार नातवाला घरी शंभर वेळा ऐकता येतो आणि पुढच्या भेटीत तो अधिक नेमका प्रश्न विचारू शकतो, ते तंत्र भाषेची भांडवलवृद्धी करते. उलट, ज्या तंत्रामुळे आजीकडे जाण्याचे कारणच उरत नाही, ते मुद्दलच खाऊन टाकते. हत्यार दोन्हीकडे एकच असते. फरक असतो तो ते कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या हाती आले याचा.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. भाषा मरणपंथाला लागली असता इतक्या सोपस्कारांना वेळ आहे काय? वृद्ध एकेक करून जात असताना संमतीच्या बैठका भरवीत बसणे म्हणजे घराला आग लागली असता मालकीचा दाखला मागण्यासारखे नाही काय? या आक्षेपाला आधारही आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रदेशात १९७३ पासून द्वैभाषिक शाळांचा उपक्रम चालला. स्थानिक शिक्षकांनी आणि ज्येष्ठांनी आपापल्या भाषांत हजारो छोटी पुस्तके तयार केली. २००८ साली तेथील सरकारने शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतूनच शिकविण्याचा आदेश काढला आणि त्या उपक्रमाचा कणाच मोडला. कपाटांत पडलेली पुस्तके नष्ट होण्याच्या बेतात होती. चार्ल्स डार्विन विद्यापीठाच्या 'जिवंत संग्रहा'ने ती संगणकावर आणून जगासमोर खुली केली म्हणून ती वाचली. विलंब झाला असता तर त्यांतील कितीतरी कायमची गेली असती.

परंतु या उदाहरणातही पुस्तके त्या त्या समाजाची अनुमती घेऊनच खुली करण्यात आली, हे विसरता येत नाही. स्वतः स्कॉट हेही दारे बंद ठेवण्याच्या मताचे नाहीत. नूंगार भाषेत विश्वकोश रचू पाहणाऱ्या 'नूंगारपीडिया' या उपक्रमात लेन कोलार्ड प्रभृती अभ्यासकांसमवेत त्यांचाही सहभाग होता. कोणालाही वाचता यावे असाच तो विश्वकोश. २०२० साली पर्थच्या महोत्सवात शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चा 'हेकटी' हा अवतार संपूर्णपणे नूंगार भाषेत रंगभूमीवर आला, आणि २०२१ साली ब्रूस लीच्या एका चित्रपटाला नूंगार आवाज देण्यात आला. तेव्हा वाद खुलेपणाचा नाहीच. आधी घर, मग शाळा, मग जग, या क्रमाचा तो आहे. जी भाषा आपल्या माणसांत पुन्हा रुजली, ती जगापुढे निर्धास्तपणे जाऊ शकते.

क्रम उलटा झाला म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आहे. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतील विकिपीडियाची हजारो पाने ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन तरुणाने लिहिल्याचे २०२० साली उघडकीस आले. त्यात दुष्ट हेतू नव्हता. पण अशाच मजकुरावर यंत्रे भाषा शिकतात, आणि मग तीच यंत्रे माणसांना भाषा शिकवू लागतात. मोठ्या भाषेत अशी चूक प्रचंड साठ्यात विरून जाते. लहान भाषेत ती चूकच प्रमाण ठरण्याचा धोका असतो. तिला ओळखू शकणारा कान वृद्धांचा असतो, आणि तो कामाच्या अखेरीस नव्हे, तर प्रारंभीच हवा असतो.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. अनेक राज्यांतील गोंडीभाषकांनी एकत्र बसून शब्द ठरविलेला प्रमाण गोंडी शब्दकोश २०१८ साली सिद्ध झाला, तो योग्य क्रमानेच. २०२५ साली केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' ही भाषांतर करणारी संगणकीय योजना सुरू केली. तिच्या पहिल्या चार भाषांत गोंडी आणि भिली आहेत. हे स्वागतार्हच होय. परंतु गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा तिच्या वाट्याला मात्र शासकीय मान्यतेअभावी अनधिकृत ठरविल्याची नोटीस आली. यंत्राला गोंडी शिकविण्यासाठी निधी मिळतो आणि मुलांना गोंडीतून शिकविण्यासाठी परवानगी मिळत नाही, ही विसंगती कोणत्याही हिशेबात बसणारी नाही.

यंत्राला भाषा शिकविणे सोपे होत जाणार आहे, आणि म्हणूनच ते पुरेसे वाटू लागण्याचा संभव मोठा आहे. किम स्कॉट आणि विर्लोमिन कुटुंबांनी ऐंशी वर्षे जुन्या कागदांतून भाषा उचलली ती प्रथम एका खोलीत, वंशजांच्या समोर, मोठ्याने वाचून. गोंडी, कोरकू, कोलामी, भिली यांच्यासाठी शासन आणि विद्यापीठे जी काही साधने उभारतील, त्यांची कसोटीही हीच असली पाहिजे: त्या साधनामुळे मूल आपल्या आजीजवळ अधिक वेळ बसते की कमी.