दोन कोलनमधली रिक्षा

ठाणे स्टेशनवरून वागळे इस्टेटला निघालेला माणूस रिक्षावाल्याला प्लॉट नंबर सांगत नाही. ‘पासपोर्ट ऑफिस’ म्हटलं की रिक्षा बरोबर पोचते. नंबर कागदपत्रांसाठी, नाव माणसांसाठी.

इमोजीचंही तसंच. रिक्षाच्या इमोजीला युनिकोडमध्ये १२८७६२ हा क्रमांक आहे. २०१९ साली साडी आणि पणतीबरोबर तो मिळाला. संगणकाला हा क्रमांक पुरतो, पण वेबसाइटवरची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याच्या तो ध्यानात कसा राहणार? म्हणून लिहिणारा दोन कोलनमध्ये नुसतं इंग्रजी नाव लिहितो. याला शॉर्टकोड म्हणतात. वेबसाइटचं पान तयार होताना प्रोग्राम ते नाव यादीत शोधतो आणि सापडलं, तर त्या जागी इमोजी ठेवतो.

‘सापडलं तर’ हे फार महत्त्वाचं. १०:३०:१५ अशा वेळेतही दोन कोलन असतात. आपल्याकडे तर विसर्गाच्या जागी सर्रास कोलन टाइप होतो. ‘दु:ख’ लिहिताना विसर्गाचं २३०७ क्रमांकाचं चिन्ह हवं, बोट जातं ५८ क्रमांकाच्या कोलनवर. डोळ्यांना फरक दिसत नाही, प्रोग्रामला दिसतो. यादीत नसलेल्या नावाला त्याने हात लावता कामा नये. पुस्तिकेत दिलेल्या कोडच्या नमुन्यांनाही नाही. तिथे एक चिन्ह बदललं तरी वाचणाऱ्याचं काम अडतं.

मग मराठी पुस्तिकेत :रिक्षा: असंच का लिहू नये? यादीत नाव घालणं सोपं आहे. इमोजींची मराठी नावं युनिकोडच्या भाषाकोशात आहेतही. अडचण नाव ओळखण्याच्या नियमात आहे. ‘रिक्षा’ म्हणजे संगणकाच्या लेखी सहा चिन्हं: र, वेलांटी, क, हलन्त, ष आणि काना. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘शब्दातलं अक्षर’ ओळखण्याची जी नेहमीची खूण वापरतात, तिला रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढंच कळतं. पायथनमधली तीच खूण र, क, ष ओळखते, पण वेलांटी, हलन्त आणि काना तिच्या हिशेबी अक्षरं नाहीत. नाव पहिल्या वेलांटीलाच तुटतं. काना-मात्रा वगळून मराठी शब्द होतच नाही, तेव्हा ही चूक नियमाची आहे, भाषेची नव्हे.

दुरुस्ती एका ओळीची आहे: अक्षरांबरोबर युनिकोडमधला ‘जोडचिन्हं’ हा वर्गही नियमात घ्यायचा. मराठी पुस्तिकांच्या वेबसाइट बांधणाऱ्यांनी शॉर्टकोडची सोय करताना पहिली चाचणी ‘रिक्षा’ या शब्दावरच घ्यावी.