विश्लेषण : भावी डॉक्टर तुमचे कुटुंब ‘दत्तक’ घेतो, म्हणजे नेमके काय?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पांढरा कोट घालून गावात येतात. घरात माणसे किती, पाणी कुठून भरता, कुणाला ‘शुगर-बीपी’ आहे का, बाळंतपण कुठे झाले, असे प्रश्न विचारतात आणि वहीत लिहून घेतात. ‘गोळ्या कधी देणार?’ या घरातल्यांच्या प्रश्नावर मात्र त्यांच्याकडे लगेच उत्तर नसते. हे आरोग्य शिबिर नाही आणि सरकारी सर्वेक्षणही नाही. देशातल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला बंधनकारक असलेला हा ‘कुटुंब दत्तक कार्यक्रम’ आहे. २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि धाराशिव जिल्हाही त्यात आला.

हा कार्यक्रम काय आहे?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्च २०२२ मध्ये हा कार्यक्रम एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आणला. प्रत्येक विद्यार्थ्याने किमान ३ आणि शक्यतो ५ कुटुंबे दत्तक घ्यायची, असे २०२३ च्या नियमावलीत म्हटले आहे. त्यासाठीचे तास ठरलेले आहेत : पहिल्या टप्प्यात २७, दुसऱ्यात ३० आणि तिसऱ्याच्या पहिल्या भागात २१, म्हणजे एकूण ७८ तास. सुरुवातीला विद्यार्थ्याने फक्त ओळख करून घ्यायची, बोलायला शिकायचे, गाव समजून घ्यायचे. पुढच्या टप्प्यात घरातले आजार, कुपोषण, रक्तक्षय ओळखायचा. शेवटी या काळात कुटुंबाच्या आरोग्यात काय फरक पडला याचा अहवाल द्यायचा. जबाबदारी महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यक विभागाची, म्हणजे रुग्णालयापेक्षा वस्तीचा विचार करणाऱ्या विभागाची असते.

‘दत्तक’ हा शब्द थोडा गैरसमज करणारा आहे. आपल्याकडे दत्तक म्हटले की पालनपोषण आणि वारसाहक्क डोळ्यांसमोर येतो. इथे पैसे किंवा धान्य मिळत नाही, उपचारांची हमीही मिळत नाही. खरे तर पहिली दोन वर्षे कुटुंबच विद्यार्थ्याला शिकवत असते. घरातल्या बाईने आधी सगळ्यांना वाढून शेवटी काय खाल्ले, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

शिबिरापेक्षा वेगळे काय?

वेगळे इतकेच, की येथे दुसरी भेट असते. ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण सगळा कार्यक्रम त्याच एका गोष्टीवर उभा आहे.

रक्तक्षयाचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. शिबिरात बोटाला सुई टोचली, हिमोग्लोबिन ९ निघाले, लोहाच्या गोळ्यांची पाकिटे हातात दिली, रजिस्टरमध्ये नोंद झाली. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये हे प्रमाण १२ च्या खाली नसावे, म्हणजे ९ हा आकडा बराच कमी आहे. पण खरी अडचण यानंतर सुरू होते. गोळ्या किमान ३ महिने घ्याव्या लागतात. त्यांनी काहींना मळमळते, बद्धकोष्ठता होते, शौच काळी होते. काळी शौच पाहून घाबरून अनेक जणी चौथ्या-पाचव्या दिवशी गोळ्या बंद करतात. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, हेही अनेकदा कुणी सांगितलेले नसते. शिबिराच्या अहवालात मात्र ‘गोळ्यांचे वाटप’ पूर्ण झालेले असते.

महिनाभराने कुणी घरी गेले, तर फळीवरच्या पाकिटात किती गोळ्या उरल्या आहेत ते दिसते. मग ‘काळी शौच लोहामुळेच होते, घाबरू नका, जेवणानंतर घ्या, चहा तासाभराने प्या’ एवढे सांगायला एमबीबीएसची पदवी लागत नाही. दुसऱ्यांदा यावे मात्र लागते.

रक्तदाबाचेही तसेच. उन्हातून चालत येऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचा एकदाच मोजलेला रक्तदाब पाहून त्याला उच्च रक्तदाब आहे असे म्हणता येत नाही. वेगवेगळ्या दिवशी, माणूस शांत बसलेला असताना मोजावे लागते. शिबिराला तेवढा वेळ नसतो.

धाराशिवला याचा अनुभव आहे का?

आहे, आणि तो वैद्यकीय महाविद्यालयापेक्षा बराच जुना आहे.

१९८० च्या दशकात तेव्हाच्या औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी ‘हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन’ असा गट सुरू केला. आद्याक्षरे जुळवून नाव झाले ‘हॅलो’. वर्गात शिकवत नाहीत ते स्वतः शिकायचे आणि खेड्यात जायचे, हा त्यांचा उद्योग. विद्यार्थ्यांचे असे गट पदवीबरोबर संपतात. हा संपला नाही. त्यातले डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला आले आणि १९९० च्या दशकात तेथे ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ उभे राहिले. त्यांनी गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ केले. साधे आजार, गरोदर बाईची काळजी, रुग्णाला दवाखान्यात कधी हलवायचे याचा निर्णय, ही कामे त्या करू लागल्या. ‘आशा’ ही सरकारी योजना २००५ मध्ये आली, त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट आहे.

दुसरा धागा तुळजापूरचा. टाटा सामाजिक विज्ञान संस्था हे मुंबईतले अभिमत विद्यापीठ. त्याचा ग्रामीण परिसर १९८६ मध्ये तुळजापूरला सुरू झाला. सात वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि सुमारे १० हजार माणसे दगावली. संस्थेचे विद्यार्थी आणि अध्यापक मदत व सर्वेक्षणाच्या कामात उतरले. तुळजापुरात समाजकार्य शिकणाऱ्यांसाठी गावात जाणे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, त्याला गुण आहेत. त्यामुळे जिल्ह्यातल्या अनेक गावांना ‘कॉलेजची मुले आली’ याचे अप्रूप राहिलेले नाही. एका अर्थी हे चांगलेच. वहीत नुसती माहिती भरून नेणारा आणि खरोखर बसून बोलणारा, यातला फरक या गावांना चटकन कळतो.

वैद्यकीय महाविद्यालयाने हे करण्याचा राज्यातला सर्वांत जुना नमुना वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचा. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव घेते, विद्यार्थी सुमारे पंधरवडाभर त्याच गावात राहतात, प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात आणि पुढची वर्षे नियमित भेटी चालतात. आयोगाने २०२२ मध्ये देशभर लागू केलेल्या गोष्टीचे मूळ तेथे सहज ओळखता येते. फरक मुक्कामाचा आहे. गावात रात्र काढली की संध्याकाळी दारूच्या दुकानापुढची रांग दिसते, अंधारात शौचाला जाणाऱ्या बायका दिसतात. दुपारी अकरा ते दोन या वेळेत बसने येऊन जाणाऱ्याला ते दिसत नाही.

आकडेमोड काय सांगते?

धाराशिवच्या महाविद्यालयात दरवर्षी १०० जागा आहेत. प्रत्येकी ३ कुटुंबे धरली तर एका तुकडीमागे ३००, पाच धरली तर ५००. कुटुंबात पाच माणसे धरा, म्हणजे दीड ते अडीच हजार लोक. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती आणि त्यातले शंभरातले सुमारे ८३ जण ग्रामीण भागात राहत होते. एकाच वेळी तीन तुकड्या गावांत असल्या, तरी हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते. तेव्हा या कार्यक्रमाने जिल्ह्याचे आरोग्य सुधारेल, असे कुणी भाषणात म्हटले तर त्याकडे दुर्लक्ष करावे.

दुसरा हिशेब तासांचा. एक भेट तीन तासांची धरली तर ७८ तासांत २६ भेटी होतात. तीन तासांत तीन घरे, म्हणजे घराला एक तास. पाच घरे घेतली तर ३६ मिनिटे. जाण्यायेण्याचा वेळही याच तीन तासांत धरला, तर भूम-परांड्याकडच्या लांबच्या गावात हातात काय उरेल ते सांगायला नको. त्यामुळे पाचपेक्षा तीन कुटुंबे घ्यावीत आणि नीट सांभाळावीत, असे मला तरी वाटते.

ऊसतोडीला गेलेल्या घराचे काय?

धाराशिवच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि नियमावली दिल्लीत लिहिताना तो कुणाच्या समोर असणे कठीण होते.

भूम, वाशी, कळंब या बालाघाटाच्या पट्ट्यातून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. परत येतात ती मार्च-एप्रिलच्या सुमारास. एमबीबीएसचे वर्षही पावसाळा सरताना किंवा त्यानंतर सुरू होते. म्हणजे विद्यार्थी गावात पोहोचेपर्यंत घराला कुलूप, किंवा घरात म्हातारी आणि शाळकरी नातवंडे. अशा वेळी साहजिकच जी घरे वर्षभर गावात असतात ती दत्तक घेतली जातील. ती बहुधा जमीन असलेली, रस्त्याजवळची, तुलनेने बरी घरे असतात. ज्यांना डॉक्टरची सर्वाधिक गरज, तीच यादीतून गळतात. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, वेळापत्रकच तसे असते.

गरज किती आहे याची कल्पना शेजारच्या बीडवरून येते. तेथील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली. २०१९ मधल्या या पाहणीत ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाळी, अंगावरून जाणे, पोटदुखी यांवर फडात इलाज नाही. मग एकदाच काय ते काढून टाका, असा सल्ला देणारे भेटतात. अशा बाईला ‘आधी सोनोग्राफी करू, औषधाने बरे होते का पाहू’ असे सांगणारा ओळखीचा माणूस हवा असतो. दोन वर्षे घरी येणारी विद्यार्थिनी ती ओळख होऊ शकते.

त्यासाठी काही फार मोठे बदल लागत नाहीत. ऊसतोड कुटुंबांच्या भेटी जून ते सप्टेंबरमध्ये एकवटता येतील. जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या तपासण्यांचा कागद हातात देता येईल, म्हणजे कारखान्याजवळच्या दवाखान्यात पहिल्यापासून सुरुवात नको. फडावर फोन लागतो. महिन्याला एक फोन ही भेटच धरावी. यातले काही करायचे तर वेळापत्रक महाविद्यालयाला स्थानिक पातळीवर हलवता यायला हवे.

मनाच्या आरोग्याचेही तसेच. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्याने २०१५ मध्ये ‘बळीराजा चेतना अभियान’ प्रायोगिक तत्त्वावर यवतमाळबरोबर याच जिल्ह्यात सुरू केले होते. त्या जिल्ह्यात घराघरात जाणाऱ्या विद्यार्थ्याने फक्त साखर आणि रक्तदाब मोजून परतणे पुरेसे नाही. ‘झोप लागते का?’ हा प्रश्नही वहीत असायला हवा. मदतीसाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

बाकी महाविद्यालयांचे काय?

ती ‘राष्ट्रीय सेवा योजने’तून गावात जातातच. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेली ही योजना. वर्षाला १२० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर, हा तिचा साचा. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाशी संलग्न जिल्ह्यातली महाविद्यालये दरवर्षी हिवाळ्यात अशी शिबिरे घेतात. हिमोग्लोबिन, रक्तगट तपासणी त्यात हमखास असते. नव्या शैक्षणिक धोरणात समाजातल्या कामाला श्रेयांकही आहेत. अडचण तीच, आठव्या दिवशी मांडव उतरतो. एखाद्या महाविद्यालयाने शिबिरातल्या कमी हिमोग्लोबिनच्या मुलींची यादी गावच्या आशाताईंकडे देऊन दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तर त्याच खर्चात बरेच साधेल.

विद्यार्थ्याच्या भेटी संपल्यावर पुढे काय?

भेटींचे तास शेवटच्या वर्षाआधीच संपतात. त्यानंतर तेच घर नव्या तुकडीतल्या विद्यार्थ्याकडे फाइलसह सोपवायचे, की नवे घर शोधायचे, यावर सारे ठरते. मधुमेह काही विद्यार्थ्याच्या परीक्षेबरोबर संपत नाही. तुमच्या घरी विद्यार्थी येत असेल तर हा प्रश्न त्याला आणि त्याच्या शिक्षकांना जरूर विचारा.

दारात विद्यार्थी आला तर?

नाव, महाविद्यालय आणि सोबतचे शिक्षक कोण हे विचारा. गावच्या आशाताईंना बहुधा माहीत असते. नको असेल तर नाही म्हणता येते. तपासणीचे पैसे द्यायचे नाहीत, निकालाची प्रत मागून घ्यायची. आधार क्रमांक किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी कुणी मागितला तर देऊ नका, या कामासाठी त्याची गरज नाही. विद्यार्थ्याला स्वतःच्या जबाबदारीवर औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. ते डॉक्टरच देतील. आणि आधीच्या दवाखान्यांचे कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटे फेकून दिली नसतील तर ती समोर ठेवा. पहिल्या भेटीत विद्यार्थ्याला त्यातूनच सर्वाधिक कळते.