छोट्या पिकअपमागचं घर

अमेरिकेत पिकअपच्या जाहिरातीत एक आकडा हमखास ठळक छापलेला असतो: ही गाडी मागे किती वजन ओढेल. फोर्ड रेंजर ३,४०० किलो, टोयोटा टकोमा २,९०० किलोच्या आसपास, होंडा रिजलाइन २,२७० किलो. फोर्ड मॅव्हरिक तर मोटारीच्याच सांगाड्यावर बेतलेली, तरी योग्य साहित्य बसवून घेतलं तर तीही १,८०० किलो ओढते. पलंग, शेगडी, फ्रिज, संडास असलेला बऱ्यापैकी ट्रॅव्हल ट्रेलर भरून दोन हजार किलोंच्या आत बसतो. मग अडचण कसली, असं वाटतं. ट्रेलर विकणारेही हेच सांगतात. वर्षानुवर्षं टकोमाच्या मागे ट्रेलर जोडून कॅलिफोर्निया, नेवाडा, ॲरिझोना पालथं घातल्यावर माझं मत ठाम झालं आहे. जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा आणि चौकटीवर चिकटवलेलं लेबल वाचा. माणसं आणि सामान मिळून या गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते तिथे लिहिलेलं असतं. यालाच तिकडे पेलोड म्हणतात.

चार दारांच्या टकोमाचं पेलोड साधारण ५०० किलो धरू. चार माणसं बसली की त्यातले ३०० गेले. उरले २००. आता मागे दोन हजार किलोंचा ट्रेलर जोडला. त्याचा सगळा भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतो. पुढचं टोक पिकअपच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, टेकलेलं असतं आणि एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार तिथून पिकअपच्या पाठीवर येतो. तेरा टक्के धरले तर २६० किलो. म्हणजे ओढण्याच्या मर्यादेला नऊशे किलो बाकी असताना पेलोड संपून साठ किलो वर गेलं. अजून शीतपेटी, लाकडं, सायकली चढवायच्याच आहेत. छोट्या पिकअपच्या बाबतीत आधी संपतं ते बहुतेक वेळा पेलोड. इंजिन कुरकुरतसुद्धा नाही, म्हणून लक्षात येत नाही.

जाहिरातीतला आकडा खोटा मात्र नसतो. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो ठरवायची. नंतर जे-२८०७ नावाचं मानक आलं. २०११ च्या टुंड्रा पिकअपपासून टोयोटाने ते सगळ्यात आधी पाळलं. त्यात पूर्ण भार घेऊन ठरावीक सेकंदांत वेग गाठणं, बारा टक्के चढावर उभ्या गाडीने पुन्हा पुन्हा निघणं अशा चाचण्या असतात. सगळ्यात प्रसिद्ध चाचणी आहे ती ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढाची. कोलोरॅडो नदीकाठच्या बुलहेड सिटीजवळून निघून युनियन पासकडे चढणारा हा सुमारे १८ किलोमीटरचा रस्ता. कडक उन्हाळा, एसी पूर्ण जोरात, मागे पूर्ण वजन, आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. या रस्त्यावरून मी मुद्दाम गेलो आहे, तेही जुलैत. दोन्ही बाजूंना भाजून निघालेले तपकिरी डोंगर, सावलीचं नाव नाही, आणि तापमानाच्या काट्यावर खिळलेले माझे डोळे! मात्र या चाचणीत गाडीत धरलेली माणसं दोनच, तीही प्रत्येकी ६८ किलोंची. चौघांचं कुटुंब, कुत्रा आणि कणकेचा डबा त्यात धरलेला नाही.

आता माझ्या खास जिव्हाळ्याच्या विषयाकडे, म्हणजे हिचवर येणाऱ्या त्या भाराकडे, तिथल्या भाषेत टंग वेटकडे येतो. ज्याने गावाकडे बैलगाडी भरली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. भार आसाच्या मागे गेला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. फार पुढे आला तर बैल दबतात. ट्रेलरचंही तसंच आहे, पण इथे वेग ताशी शंभर किलोमीटर असतो. पुढचा भार दहा टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. शेजारून मोठा ट्रक गेला, त्याने ढकललेली हवा आदळली आणि मागचं टोक हललं. वेग कमी असेल तर हे झुलणं आपोआप विरतं. प्रत्येक जोडीचा एक वेग असा असतो की त्याच्या पुढे प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा होतो. मग ट्रेलर पिकअपची मागची बाजू फेकू लागतो, आणि पिकअप जितकी लहान व हलकी तितकी ती लवकर हार मानते.

मुलांना हे दाखवायला मी व्यायामाच्या ट्रेडमिलवर खेळण्यातली गाडी दोरीने बांधून, मागे लाकडी ट्रेलर जोडून चालवली होती. ट्रेलरवर शिशाचे दोन तुकडे, पुढे-मागे सरकवता येणारे. तुकडे पुढे ठेवले आणि बोटाने टिचकी मारली तर ट्रेलर एक-दोनदा हलून सरळ झाला. तेच तुकडे मागे सरकवले, वेग तोच ठेवला, तर एका टिचकीत सगळं आडवं! आणखी एक गोष्ट त्यात दिसली. एक तुकडा अगदी पुढे आणि एक अगदी मागे ठेवला तर हिचवरचा भार बरोबर येतो, तरी ट्रेलर जास्त वेळ झुलत राहतो. म्हणून जड सामान आसाच्या जवळपास, किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवायचं. मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड लावलेले ट्रेलर पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. पाण्याची टाकीही विसरू नये. लिटरमागे किलो, त्यामुळे ९५ लिटरची टाकी भरली की जवळजवळ एक क्विंटल. ती आसाच्या मागे असेल तर भरल्यावर हिचवरचा भार कमी होतो, पुढे असेल तर वाढतो. आपली टाकी कुठे आहे हे कित्येक ट्रेलरमालकांना ठाऊकच नसतं.

झुलणं सुरू झालंच तर पिकअपचा ब्रेक करकचून दाबू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावं आणि डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरची पट्टी हलकेच दाबावी. तिने फक्त ट्रेलरचे विजेवरचे ब्रेक लागतात आणि मागून ताण येऊन जोडी सरळ होते. हा कंट्रोलर बसवल्याशिवाय जड ट्रेलर ओढू नये.

पण भार बरोबर आहे हे कळायचं कसं? त्यासाठी भुईकाटा. अमेरिकेतल्या महामार्गांवर मोठमोठे ट्रक-थांबे आहेत आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी कॅट स्केल या कंपनीचे काटे आहेत. कंपनी १९७७ पासूनची, आयोवातली. काट्याचे तुकडे वेगवेगळे असतात, त्यामुळे पिकअपची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं एकाच वेळी पण स्वतंत्र तोलली जातात. आधी जोडीनिशी वजन करायचं. मग ट्रेलर आवारात सोडून, तीच माणसं, तेच सामान घेऊन नुसती पिकअप तोलायची. आमच्या जोडीचे आकडे सांगतो. नुसती पिकअप माणसांसकट २,२९० किलो, ट्रेलर जोडल्यावर तिच्या चार चाकांवर २,४८०. फरक १९० किलो, हाच टंग वेट. ट्रेलरच्या चाकांवर १,३२० किलो, म्हणजे ट्रेलर एकूण १,५१०. प्रमाण साडेबारा टक्क्यांहून थोडं जास्त. पिकअपची एकूण मर्यादा २,५४० किलो, म्हणजे साठ किलो शिल्लक. त्या पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. साताऱ्याहून आई आली त्या वर्षीची पावती निराळी ओळखू येते, कारण तिने कुकर, पाटा-वरवंटा आणि पाच किलो भाजणी सोबत घेतली होती. मी पाटा-वरवंटा घरी ठेवायला सांगितलं. “अरे, मग चटणी कशावर वाटू?” असं विचारून तिने त्याऐवजी माझी अवजारांची पेटी खाली काढायला लावली.

कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनच्या तळावर एक निवृत्त ट्रकचालक भेटले होते. ते काट्यावर जात नसत. न्हाणीघरातला वजनकाटा, एक भक्कम फळी आणि एक विटकर एवढ्यावर काम. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर; ट्रेलरचं टोक विटेपासून एक फुटावर आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकवायचं. काटा दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे खरा भार. निघण्याआधी दर वेळी ते हे करत. त्यांच्यासारखी शिस्त मी फार थोड्या लोकांत पाहिली.

इतिहास थोडक्यात. इंडियानातल्या एल्कहार्टच्या संग्रहालयात १९१३ चा अर्ल ट्रेलर आहे; टिकून असलेल्यांत तो सर्वांत जुना मानतात. वैमानिक लिंडबर्गच्या विमानाच्या बांधणीवर देखरेख करणाऱ्या हॉली बोलसने १९३४ मध्ये ॲल्युमिनियमचा ट्रेलर केला, वॉली बायमने १९३६ मध्ये एअरस्ट्रीम क्लिपर आणला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी ट्रेलर झाले.

मला त्याहून जास्त ओढ आहे ती कॅनडातल्या विनिपेगची. रे ओलेको हा माणूस फायबरग्लासच्या सेप्टिक टाक्या बनवण्यातला. १९६८ मध्ये त्याने त्याच पद्धतीने तेरा फुटी ट्रेलर काढला, बोलर. वरचा अर्धा, खालचा अर्धा, कमरेवर जोड, बस्स! लाकडी सांगाडा नाही, छताला सांधे नाहीत, त्यामुळे पाणी मुरून कुजण्यासारखं फारसं काही नाही, आणि रिकामा ट्रेलर साडेचारशे किलोंच्या आसपास. त्याच घराण्यातला स्कॅम्प आजही मिनेसोटातल्या बॅकस गावी बनतो, टेक्सासात कसिटा. पन्नास वर्षांचे बोलर अजून रस्त्यावर दिसतात. छोट्या पिकअपसाठी याहून योग्य ट्रेलर झालेला नाही, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

लोन पाइनचा उल्लेख आलाच आहे तर ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ या १९५४ च्या चित्रपटाबद्दल सांगितलंच पाहिजे. ल्युसिल बॉल आणि डेसी अर्नाझ, छत्तीस फुटी ट्रेलर, आणि नायिकेला वाटेत दगड गोळा करण्याचा नाद. नवरा दगड टाकून दे म्हणतो, ती ते ट्रेलरमध्ये लपवते, आणि मग डोंगराचा चढ. ते चित्रीकरण लोन पाइनजवळच्या व्हिटनी पोर्टलच्या रस्त्यावर झालं. विनोदी चित्रपट आहे, पण लपवलेल्या वजनाने काय होतं हे त्यात अगदी खरं आहे.

आता पुन्हा पिकअपकडे. छोट्या पिकअप अमेरिकेत विरळ झाल्या, यामागे काही अंशी कोंबड्या आहेत. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली, म्हणून १९६४ पासून अमेरिकेने परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. जपानी कंपन्या काही वर्षं मागचा हौदा न बसवता गाड्या पाठवत आणि तो तिथे पोहोचल्यावर जोडत. १९८० मध्ये ती वाटही बंद झाली. आज जिला छोटी म्हणतात ती टकोमा जुन्या डॅटसन पिकअपच्या शेजारी हत्तीण दिसते.

ज्यांची मुलं-बाळं तिकडे आहेत आणि ज्यांच्या घरात अशा प्रवासाचा बेत शिजतो आहे त्यांना सांगतो. कॅलिफोर्नियात साध्या परवान्यावर साडेचार हजार किलोंपर्यंतचा ट्रॅव्हल ट्रेलर ओढता येतो, पण ट्रेलर मागे असताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर. ती पाळा. ट्रेलरची बरीच टायर ६५ मैलांपलीकडच्या वेगासाठी नसतातच. पेट्रोल जवळजवळ दुप्पट लागेल, ते मुख्यतः हवेच्या अडथळ्यामुळे. दर हजार फुटांना साध्या इंजिनाची सुमारे तीन टक्के ताकद जाते, तेव्हा कोलोरॅडोतल्या अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना तिसरा हिस्सा गेलेला असेल. उतारावर गिअर खालचा ठेवा, ब्रेक थंड राहू द्या. चार माणसं आणि मध्यम पिकअप असेल तर सोळा-सतरा फुटी फायबरग्लासचा ट्रेलर घ्या, भरून सोळाशे किलोंच्या आत ठेवा आणि पहिल्याच दिवशी काट्यावर न्या. त्याहून मोठा हवा असेल तर आधी पिकअप मोठी घ्या.