स्तरित काच : उंच इमारतींच्या दर्शनी भिंतींतील उपयोग

काचेचे दोन किंवा अधिक तक्ते, त्यांच्या दरम्यान चिवट व पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून उष्णता व दाब यांच्या साहाय्याने एकजीव केले म्हणजे स्तरित काच तयार होते. हा सुरक्षा काचेचा एक प्रमुख प्रकार आहे [⟶ काच]. इतर काचांप्रमाणे हीही फुटते. परंतु तिचे तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात व तावदान सहसा चौकटीतच टिकते. उंच इमारतीवरून निसटलेला काचेचा तुकडा रस्त्यावरील माणसाच्या जिवावर बेतू शकत असल्याने तेथे या गुणाला विशेष महत्त्व आहे.

इतिहास : फ्रेंच कलावंत व रसायनज्ञ एद्वार बेनेदिक्तस यांनी १९०९ मध्ये अशा काचेचे पेटंट घेतले. त्यांनी वापरलेला सेल्युलोजाचा थर उन्हाने पिवळा पडत असे. १९३० नंतरच्या दशकात पॉलिव्हिनिल ब्युटिरल हे प्लॅस्टिक उपलब्ध झाल्यावर ही उणीव दूर झाली. मोटारगाडीच्या समोरच्या काचेसाठी रुळलेले हे तंत्र पुढे इमारतींतही वापरात आले.

निर्मिती व गुणधर्म : स्वच्छ धुतलेल्या तक्त्यांमध्ये पापुद्रा पसरून ते रुळांमधून दाबतात व आतील हवा काढतात. नंतर बंद दाबपात्रात सु. १४०° से. तापमान व वातावरणदाबाच्या १२ ते १४ पट दाब देतात. पापुद्र्याची जाडी सामान्यतः ०.३८ मिमी.च्या पटीत असते. प्रत्येकी ६ मिमी. जाडीच्या दोन तक्त्यांच्या काचेचे वजन दर चौ. मी.ला सु. ३० किग्रॅ. भरते. पापुद्रा बहुतेक सर्व जंबुपार किरण अडवितो व ध्वनीची तीव्रताही कमी करतो.

कठिनीकृत (टफन्ड) काच साध्या काचेपेक्षा कित्येक पट बळकट असते; परंतु फुटताच तिचा चुरा होऊन संपूर्ण तावदान रिकामे होते. निकेल सल्फाइडाचा सूक्ष्म कण आत राहिल्यास ती बाह्य आघाताशिवायही फुटू शकते. म्हणून दर्शनी भिंतींत कठिनीकृत किंवा अंशतः कठिनीकृत तक्तेच स्तरित करून बसविणे श्रेयस्कर ठरते.

मुंबईतील अनुभव : १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत मुंबई शेअर बाजार, एअर इंडिया इमारत इ. ठिकाणी उडालेल्या काचांच्या तुकड्यांनी अनेक जण जखमी झाले. अशा आघातात स्तरित काच तडकली, तरी तुकड्यांचे उडणे पुष्कळच कमी होते. मात्र तिचा हाच चिवटपणा आगीच्या वेळी अडचणीचा ठरतो. जुलै २०१४ मध्ये अंधेरीतील लोटस बिझनेस पार्क या काचबंद इमारतीला लागलेल्या आगीत अग्निशमन दलाच्या एका जवानाचा मृत्यू झाला. काचबंद इमारतीत धूर कोंडतो व आत शिरणे कठीण होते. स्तरित काच नुसत्या घणाने फोडून वाट करता येत नाही. तिचा पापुद्रा कापावा लागतो. यास्तव राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) अशा भिंतींना प्रत्येक मजल्यावर १० मी.पेक्षा अधिक अंतर नसलेली, उघडता येणारी तावदाने आणि मजल्याची लादी व काचभिंत यांमधील फट अग्निरोधक द्रव्याने बंद करणे या तरतुदी आहेत.

हवामान व अभिकल्प : तापमान वाढते तसा पॉलिव्हिनिल ब्युटिरलाचा पापुद्रा मऊ होतो व दोन्ही तक्ते एकसंध काचेप्रमाणे भार पेलेनासे होतात. अकोला, अमरावती, वरूड या भागात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५° से.च्या आसपास जाते आणि उन्हातील काच त्याहून तापते. त्यामुळे थंड देशांतील कोष्टकांवरून येथील काचेची जाडी ठरविणे धोक्याचे आहे. वाऱ्याच्या भाराबाबतही अंतर्भागात सवलत गृहीत धरता येत नाही. भारतीय मानक ८७५ (भाग ३) प्रमाणे मुंबई व नागपूर या दोन्ही शहरांसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग दर सेकंदास ४४ मी. धरतात. साधा स्वच्छ पापुद्रा सूर्याची उष्णता फारशी अडवीत नाही. त्यासाठी काचेवर परावर्तक लेप द्यावा लागतो किंवा बाहेरून छज्जे काढावे लागतात. कडांना पाणी साचत राहिल्यास थर सुटून तेथे पांढुरके डाग पडतात. म्हणून चौकटीतून पाण्याचा निचरा होणे आवश्यक असते.

तात्पर्य, दर्शनी भिंतीची सुरक्षितता केवळ काचेच्या बळावर अवलंबून नसते. काच फुटल्यावर ती कोठे राहील आणि आतील माणसे कोणत्या वाटेने बाहेर पडतील, हे अभिकल्पाच्या वेळीच ठरवावे लागते.