नोकरी सोडणाऱ्यास पत कोण देणार?

आजकाल आमच्या समाजात सोयरिकीची बोलणी निघाली म्हणजे पहिला प्रश्न "मुलगा नोकरीस कोठे आहे?" हाच असतो. मुलगा दुकानावर बसतो असे सांगितले की समोरच्या मंडळींचे चेहरे किंचित उतरतात. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी असे म्हणणाऱ्यांच्या नातवंडांनी ती उतरंड पुरती उलटी केली आहे. व्यापाऱ्याच्या घरची ही स्थिती, तर ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पगारच आला त्याने नोकरी सोडून धंदा करावयाचे मनात आणल्यास काय गहजब होत असेल! अशा माणसाविषयी आपल्या व्यापारी बंधूंशी थोडे बोलावे, एवढाच आमचा हेतू आहे.

सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद आपणां सर्वांस ठाऊक आहेत. सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली, १९४० साली बंगलोरास विमानांचा कारखाना निघाला, या गोष्टी आपल्या व्याख्यानांतून वारंवार येतात. परंतु त्या कर्तृत्वाच्या आरंभी उभ्या असलेल्या एका गृहस्थाचे नाव क्वचितच निघते. ते म्हणजे लक्ष्मणराव बळवंत फाटक. हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. घरचा कापसाचा व सावकारीचा धंदा बाजूस ठेवून तरुण वालचंदांनी यांच्याशी भागी केली आणि रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेतले. पुढे त्या कंपनीस जे नाव पडले त्यात फाटक आधी व वालचंद मागून आहेत.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले दाणेबाजारातले माणूस, इतिहासकार नव्हे. तथापि या भागीचा अर्थ आम्हांस असा लागतो की, काम कसे निघते व बिल कोठे अडते हे कारकुनी केलेल्या माणसास ठाऊक असते, आणि पत घराण्याजवळ असते. दोन्ही एकत्र आली तेव्हा ठेका मिळाला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेही तसेच. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेत ते शिक्षक होते. हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली म्हणून त्यांनी नोकरी सोडली व बेळगावी सायकलींचे दुकान चालविले. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० साली कारखान्यास जागा दिली ती औंध संस्थानाने.

आता आमच्या कटंगीकडे वळतो. बालाघाट जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर आमच्या ओळखीचा एक तरुण पुण्याची कारखान्यातली नोकरी सोडून गावी परतला. गोदामाचा हिशेब व मालाचे पॅकिंग यांत त्याची आठ वर्षे गेली होती. चिन्नोरच्या पाच-पाच किलोंच्या पिशव्या करून नागपूरच्या दुकानांस पुरवाव्या, असा त्याचा बेत. बेत चांगला होता. अडचण होती ती वेळेची. धान घ्यावे लागते सुगीत, रोखीने. तांदूळ विकतो वर्षभर, आणि दुकानदार पैसे देतो त्याच्या सवडीने. पगारदाराच्या घरी पहिल्या तारखेस पैसा येतो. वहीत नफा दिसत असून गल्ल्यात रुपया नाही, हा प्रकार त्याच्या स्वप्नातही आलेला नसतो. धंदे बुडतात ते बहुधा या फटीत, तोट्याने नव्हे. २०१५ पासून मुद्रा योजनेतून बँका तारणाशिवाय कर्ज देतात हे खरे. परंतु त्याने यंत्र व वजनकाटा आला तरी दर सुगीची उधारी बँक सांभाळीलच असे नाही. ती पेढी सांभाळू शकते.

आम्ही त्यास पन्नास पोती धान उधार दिले. वर्षाचा घरखर्च त्याने निराळा काढून ठेवला आहे, हे आधी पासबुक पाहून खात्री करून घेतले. हप्ते तीन : संक्रांत, होळी व अक्षय तृतीया. आमच्या भागीदारांस हे रुचले नाही. "बनियाचा मुलगा नाही, पळून जाईल," असे त्यांचे म्हणणे. संक्रांतीचा हप्ता वेळेवर आला. होळीचा चुकला, कारण नागपूरच्या एका दुकानदाराने त्याचे बिल अडविले होते. पण हप्त्याच्या चार दिवस आधीच तो स्वतः पेढीवर आला, बिलाची नक्कल समोर ठेवली आणि तीन आठवड्यांची मुदत मागितली. सांगितल्या दिवशी पैसे आले. आमच्या खतावणीत पिढीजात व्यापाऱ्यांची अशी खाती आहेत की वायदा टळल्यावर महिनाभर फोनही उचलला जात नाही! भागीदार त्यानंतर काही बोलले नाहीत.

सर्वांचेच असे होते असे आम्ही म्हणत नाही. दोघांस आम्ही स्पष्ट नकारही दिला. कारण त्यांस धंदा करावयाचा नव्हता, केवळ साहेबाचा कंटाळा आला होता. एवढे ओळखण्यास चार प्रश्न पुरतात.

यंदा त्या तरुणाने दोनशे पोती मागितली आहेत. शंभर आमची पेढी देईल. उरलेल्या शंभरांसाठी आपल्या मंडळींपैकी कोणास त्याची वही पाहावयाची असल्यास, बाजाराच्या सुट्टीखेरीज कोणत्याही दिवशी दुपारी पेढीवर यावे. वही तो स्वतः घेऊन येईल.