फाईल जाड, टक्के बेताचे

दहावी-बारावीनंतर : लेखांक 6

गेल्या आठवड्यात अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम कसे लावायचे ते पाहिले. आता त्यापुढचा प्रश्न. मुलगा दहावीला सत्तरच्या आसपास, पण कबड्डीत राज्य पातळीपर्यंत खेळलेला. किंवा मुलगी नाटकाची बक्षिसे घेऊन आलेली. अशांनी नामांकित कॉलेजची आशा धरावी का? सातारा-सांगलीत हा प्रश्न घरोघरी आहे. एका तालमीतून दुसऱ्या तालमीत जाणारी पोरे इथलीच, आणि 1843 साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेही सांगलीतच.

आधी कडू भाग सांगतो. 2025 पासून सारा महाराष्ट्र अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात आला आणि सर्वसाधारण जागांची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवरच लागते. तिथे प्रशस्तिपत्रांची फाईल कोणी उघडत नाही. ती फाईल उपयोगी पडायची तर निकालाआधी तिचे गुण व्हायला हवेत. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए श्रेणी असेल तर दहावीला 7 गुण, बी असेल तर 5, सी असेल तर 3. खेळाडूच्या वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे जातो. तो शाळेच्या कपाटात राहिला तर मुलाचे मैदानावरचे घामाचे दिवस गुणपत्रिकेत दिसत नाहीत, आणि निकालानंतर धावपळ करून काही होत नाही.

बारावीनंतर गणित बदलते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी कॉलेजात जायचे असेल तर राज्याच्या केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे कॅप फेरीत सीईटीचे पर्सेंटाइल बोलते. बारावीला खुल्या गटातून 45 टक्क्यांची अट पार केली की त्यावरच्या वाढीव गुणांनी यादीतला नंबर सहसा हलत नाही.

खेळाडूच्या पाठीशी प्राचार्य उभा राहिल्याची गोष्ट आपल्याच भागातली आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. विद्यार्थ्याची कुवत ओळखणारा असा प्राचार्य आजही असेल, पण कॅप फेरीत त्याचे चालत नाही. तिथे संगणक बसलेला आहे. एका परीने बरेच, वशिल्याची वाट बंद झाली.

तरी काही दारे खरोखर उघडी आहेत. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि कला-उपक्रमांसाठी वेगळ्या जागा असतात. कला-उपक्रमांच्या जागांसाठी सीयूईटी या प्रवेश परीक्षेच्या गुणांना 25 टक्के वजन, उरलेले 75 टक्के प्रत्यक्ष चाचणी आणि प्रमाणपत्रांना. म्हणजे नुसती फाईल पुरत नाही, गाऊन-नाचून दाखवावे लागते. आयआयटी मद्रासने 2024 पासून खेळाडूंना आणि 2025 पासून कलावंतांना जागा ठेवल्या. अट अशी की जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव हवेच. तिथे ‘टक्के कमी, खेळ भारी’ हे अर्धेच खरे ठरते.

आपल्या भागाला सर्वांत जवळचे दार मात्र एनसीसीचे. पदवीला 50 टक्के आणि ‘सी’ प्रमाणपत्रात किमान बी श्रेणी असेल, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षा न देता अर्ज करता येतो. अर्जांच्या छाननीतून निवड झाली की थेट एसएसबी मुलाखत. अपशिंगे मिलिटरीसारख्या सैनिकी गावाच्या जिल्ह्यात किती कॉलेजकुमार हे जाणून एनसीसीत जातात? बरेचसे गणवेशासाठी जातात, आणि दुसऱ्या वर्षी सोडून देतात.

माझे मत स्पष्ट आहे : दहा स्पर्धांची सहभागपत्रे गोळा करण्यापेक्षा एकाच कलेत किंवा खेळात वरच्या पातळीवर जा, आणि ज्या संस्थेत जायचे तिची माहितीपुस्तिका अकरावीतच वाचा. आठवी-नववीतल्या मुलांच्या पालकांनो, इंटरमिजिएटचा अर्ज आणि क्रीडा प्रस्ताव यांची चौकशी याच महिन्यात शाळेत करा.