पाळीव उंदराच्या डोळ्यांतलं लाल पाणी

काल शेजारची मुलगी घाबरून आली, "काकू, आमच्या उंदराच्या डोळ्यांतून रक्त येतंय!"

ते रक्त नव्हतं. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्या स्रावात पॉर्फिरिन नावाचं लालसर रंगद्रव्य असतं. झोपून उठल्यावर किंचित दिसलं तर चालतं. सारखं यायला लागलं, नाकाभोवती खपल्या धरल्या, तर उंदीर आजारी तरी आहे किंवा ताणात.

आधी पिंजरा हुंगून बघा. साचलेल्या लघवीतल्या अमोनियाने श्वसनाचे आजार बळावतात. देवदाराचा भुसा नकोच, कागदाचे कपटे घाला.

आणि एकटा उंदीर ठेवू नका हो! दोन माद्या किंवा दोन नर ठेवा. माझ्या दोघी एकमेकींचे कान चाटत बसतात.

श्वासात घरघर ऐकू आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.